स्पॉटिंग स्कोपला मोबाइल लावून उडते पक्षी कुणाला जमतात का?

बारामतीची_बाई
रविवारी पहाटे भिगवणला, उजनीच्या पाण्यावर डिकसळच्या बाजूला पक्षी बघायला गेले होते. स्कोप म्हणजे एकनळी दुर्बीण, पुढची काच ६५ मिमीची, झूम २० ते ६० पट, आयपीस (डोळा लावायचं भिंग) वर वाकडा. पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) बसलेले असताना फोटो असे आले, की डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मोजून घ्याव्यात. मग रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा उठला. स्क्रीनवर आधी पाणी, मग आकाश, मग कुणाचा तरी एक पाय. २७० फोटो काढले, ठेवण्यासारखा एक नाही. नवरा म्हणतो मोठी लेन्स घे. किंमत माहीत नाही म्हणून म्हणतो! चुकतंय कुठे?

माळरान
झूम कितीवर होता ताई?

बारामतीची_बाई
४०. जवळ दिसतं ना.

माळरान
तिथेच घोळ. आयपीसमधून येणारा उजेडाचा झोत २० पटीला सव्वातीन मिमी रुंद (६५ भागिले २०), ४० ला त्याच्या निम्मा. म्हणजे उजेड पाव. मग मोबाइल शटर मंद करतो आणि पंख फिसकटतात. २० वरच राहा, तेवढ्यावरही ५०० मिमी लेन्सइतकं जवळ दिसतं. कडेचं काळं वर्तुळ नंतर कापा. शटर हाताने १/२००० सेकंदावर ठेवा आणि मोबाइलचा फोकस लॉक.

कापशीवाला
शटर ठीक, पण पक्षी आधी सापडायला तर हवा. वाकड्या आयपीसमुळे आपण बघतो खाली, पक्षी असतो समोर. मी नळीवर केबल टाय आवळून शेपट्या वर उभ्या ठेवल्यात, एक पुढे, एक मागे. नेम धरायला बंदुकीची माशीच. दूरच्या खांबावर एकदा जुळवून घ्यायच्या.
आणि थव्यामागे धावू नका. रोहित वाऱ्याच्या तोंडावर पाण्यावरून पळत पळत उठतात. वारा कुठला ते बघून आडवं उभं राहा, फोकस आधीच लावून ठेवा. सरावाला कापशी घार बरी, शेतावर हवेत एकाच जागी फडफडत थांबते.

पाणकावळा
एवढा खटाटोप कशाला? ४के व्हिडिओ घ्या, फ्रेम काढा. आणि नावाड्याला सांगितलं की थवा उठवतो.

कापशीवाला
व्हिडिओलाही शटर लागतंच, आणि फ्रेम मिळते ८ मेगापिक्सेलची. थवा उठवायचं मात्र इथे सुचवू नका. चरायला आलेत ते.

बारामतीची_बाई
टाय लावले, खांब म्हणून समोरची पाण्याची टाकी. संध्याकाळी गच्चीवरून घार मिळाली, डोळा लख्ख, शेपूट मात्र फ्रेमबाहेर. नवऱ्याने विचारलं, बाकीची कुठे गेली?