संथ आहे म्हणून खोल आहे, असं का धरायचं?

अधूनमधून

(शेवट सांगून टाकले आहेत. 'आफ्टरसन', 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल', 'परफेक्ट डेज' आणि 'अनोरा' पाहायचे राहिले असतील तर पुढे वाचू नका.)

मी दर्दी वगैरे नाही. रात्री कामं आटोपली की सिनेमा लावतो, डोळा लागला की उरलेला दुसऱ्या दिवशी. कमी खर्चातले, महोत्सवांत गाजलेले हे चार गेल्या दोन-तीन महिन्यांत पाहिले आणि एक गोष्ट खुपायला लागली. शेवट न सांगणं हे मोठेपणाचं लक्षण कधीपासून झालं?

'आफ्टरसन' घ्या. २०२२ चा, शार्लट वेल्सचा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. बाप आणि अकरा वर्षांची मुलगी तुर्कस्तानात सुट्टीला जातात. पोहतात, अंगाला क्रीम चोपडतात, कंटाळतात. बाप आतून कुठेतरी खचलाय एवढं कळतं. शेवटी विमानतळावर मुलगी हात हलवते, बाप कॅमेरा मिटतो, चालत जाऊन एक दार उघडतो, खलास. पुढे त्याचं काय झालं? तुमचं तुम्ही ओळखा. 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल'ने तर अडीच तास कोर्टात बसवलं आणि नवरा पडला की बायकोने पाडला, हे शेवटपर्यंत गुलदस्त्यातच. कोडं घालायचं आणि उत्तर मागितलं की "प्रश्न महत्त्वाचा" म्हणायचं, ही मला पळवाट वाटते.

संथपणाशी माझं भांडण नाही. विम वेंडर्सच्या 'परफेक्ट डेज'मध्ये टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणारा माणूस रोज उठतो, मिशी कातरतो, गाडीत कॅसेट लावतो, कामाला जातो. बास. पण एका संडासाच्या फटीत त्याला घडी घातलेला कागद सापडतो. कुणीतरी फुली-गोळ्याचा डाव मांडून ठेवलाय. हा आपली खेळी करतो, कागद पुन्हा फटीत सरकवतो. पुढच्या खेपेला समोरच्याची खेळी आलेली असते. समोरचा कोण, हे कधीच कळत नाही आणि मला विचारावंसंही वाटलं नाही. त्यात माझ्यापासून काही लपवून ठेवल्यासारखं वाटलं नाही. बाकीच्या दोघांत वाटलं.

तिसरी_घंटा

"पुढे काय झालं" हे 'आफ्टरसन'मध्ये आहे हो, फक्त कुणी तोंडाने सांगत नाही. बाप एकदा सहज बोलून जातो, चाळिशीतला मी मला दिसतच नाही, तिशी गाठली याचंच नवल वाटतं. तो महागडा गालिचा विकत घेतो, आठवतं? मोठी झालेली मुलगी पलंगावरून उतरते तेव्हा तिचे पाय त्याच गालिच्यावर पडतात. त्याच्या वस्तू तिच्याकडे आल्यात. आणखी काय सांगायला हवं होतं, मृत्यूचा दाखला?

आणि हॉटेलच्या खोलीतला तो प्रसंग. मुलगी कॅमेरा टीव्हीला जोडून बापाची मुलाखत घेते, तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा मोठेपणी काय करशील असं वाटायचं? तो कॅमेरा बंद करायला लावतो. मग तिथे चित्रीकरण उरत नाही, टीव्हीचा काळा पडदा उरतो आणि त्याच्या काचेत दोघांची पुसट प्रतिबिंबं. तो उत्तर देतो तेव्हा आपल्याला दिसतं ते एवढंच. तिच्याकडे बापाचं जे उरलंय ते इतकंच आहे, टेपवर नसलेलं, काचेत हललेलं. दिग्दर्शिकेने इथे बापाचा चेहरा जवळून दाखवला असता तर ते खोटं झालं असतं, कारण मुलीला तरी तो कुठे तसा दिसला होता? तुमच्यापासून काही लपवलेलं नाही. तिलाच जे माहीत नाही, ते तुम्हाला कसं कळणार?

नकटू

गालिच्यावर पाय पडले म्हणजे बाप गेला, हे ज्याला कळलं त्याला साष्टांग. मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो.

थट्टा सोडा, पण मूळ मुद्दा मला पटतो. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय कळतच नसेल तर ती पहिल्यांदा नीट सांगितली गेली नाही, असंही म्हणता येईल ना? 'अनोरा'चा शेवट बघा. गाडीत नायिका सोबतच्या माणसाजवळ कोसळून रडते, संगीत नाही, वायपरचा आवाज तेवढा चालू. पुढे त्या दोघांचं काय, तेही सांगितलेलं नाही. पण पोटात खड्डा पडतो, आणि पाणी प्यायला गेलेल्याच्याही पडतो. शॉन बेकरने लेखन, संकलन, दिग्दर्शन सगळं स्वतः केलं आणि निर्माता म्हणूनही धरून एका सिनेमासाठी चार ऑस्कर घरी नेले, ते काय उगाच?

उलटतपासणी

'अ‍ॅनाटॉमी'बद्दल. तुम्ही तो रहस्यपट म्हणून पाहिलात, तिथेच गल्लत झाली. नवरा-बायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजतं तो भाग आठवा. आधी नुसता आवाज येतो. मग आपल्याला स्वयंपाकघर दिसायला लागतं, दोघं एकमेकांची सालं काढतायत, आणि आपल्याला वाटतं, चला, आता प्रत्यक्ष बघायला मिळालं. शब्दावरून हातघाईवर प्रकरण येतं नेमकं त्या क्षणी चित्र तोडून आपल्याला पुन्हा कोर्टात आणून बसवलंय. काच फुटल्याचा, मारल्याचा आवाज येतो. कोण कुणाला मारतंय? ज्युरींइतकंच तुम्हालाही कळतं. याला मी पळवाट म्हणणार नाही. दिग्दर्शिका जस्टिन त्रिए तुम्हाला मुद्दाम त्या बाकावर बसवते.

शिवाय तो आंधळ्याच्या जवळपास पोचलेला पोरगा. आईने केलं की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. पण त्याला तिच्यासोबत त्याच घरात राहायचंय, म्हणून काहीतरी एक धरून चालावंच लागतं. तो धरतो. खुनाचं उत्तर मिळालं असतं तर या पोराला सिनेमात काही कामच उरलं नसतं.

अधूनमधून

पोराचं मान्य. त्या बाजूने विचारच केला नव्हता. मी शेवटपर्यंत 'तिने केलं, तिने केलं' करत बसलो होतो.

पण नकटूचं वाक्य मी सोडणार नाही. प्रत्येक वेळी प्रेक्षकच कसा कमी पडतो? एखाद्या वेळी दिग्दर्शकालाही शेवट सुचला नसेल, ही शक्यता कुणी धरतच नाही. पुरस्कार मिळाला की न सुचलेल्यालाही 'मोकळा अवकाश' म्हणतात.

उन्हातली_सावली

अहो, पण ज्याची तुम्ही एवढी तारीफ करताय तो 'परफेक्ट डेज' जन्माला कसा आला ते माहितीये? टोकियोच्या शिबुया भागात नामांकित रचनाकारांकडून सतरा नवी स्वच्छतागृहं बांधून घेतली, तादाओ आंदो, शिगेरू बान अशी मंडळी. त्यांवर छोटे माहितीपट करा म्हणून वेंडर्सला बोलावलं होतं. त्याने त्याऐवजी मोठी गोष्ट केली, सतरा दिवसांत चित्रीकरण उरकलं, आणि कोजी याकुशोला २०२३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. याकुशोच्या अभिनयाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण संडास धुणाऱ्या माणसाच्या सिनेमात घाण कुठे आहे सांगा. कडी लावली की आपोआप धूसर होणारी काच दिसते, झाडांतून झिरपणारं ऊन दिसतं. गुडघे दुखताना दिसत नाहीत. त्याची बहीण ड्रायव्हरच्या गाडीतून येते, म्हणजे घर पैशाचं होतं. तो इथे का आला, वडिलांशी काय बिनसलं, हे तुम्हाला सांगितलंय? नाही. बहिणीला मिठी मारतो आणि रडतो, बास. 'आफ्टरसन'मध्ये असं केलं तर पळवाट आणि इथे चालतं? कारण हा माणूस तुम्हाला हसून बरं वाटायला लावतो.

नकटू

हाणला.

अधूनमधून

काल रात्री 'आफ्टरसन'मधला तेवढा टीव्हीचा प्रसंग पुन्हा लावला. पहिल्या वेळी मी त्याच्याकडे खोली दाखवणारं दृश्य म्हणून पाहिलं होतं, काचेकडे लक्षच गेलं नव्हतं. तिसरी_घंटा, तुमचं बरोबर आहे. तरी तो दुसऱ्यांदा पाहायला तुम्ही भाग पाडलंत, सिनेमाने नाही, हे माझं म्हणणं कायम.

बहिणीचा प्रसंगही पुन्हा पाहिला. ती विचारते, खरंच संडास धुतोस का? तो मान हलवतो. पहिल्या वेळी मला त्यात त्याचा अभिमान दिसला होता. आता नक्की काय दिसतंय ते सांगता येत नाही. सावलीबाईंना उत्तर द्यायचंय, जरा दम धरा.