पहिले बाळंतपण, रक्तगट ओ निगेटिव्ह : कळा सुरू झाल्यावर चोपड्याला न्यावे की थेट जळगावला?

नमस्कार. माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे चोपडा तालुक्यातील गावी आली असून तिला आता छत्तिसावा आठवडा सुरू आहे. डॉक्टरांनी मे महिन्याच्या मध्यावरची तारीख दिली आहे. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह आणि जावईबापूंचा बी पॉझिटिव्ह आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचे (बाळाचे रक्त पॉझिटिव्ह असल्यास निगेटिव्ह आईच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) इंजेक्शन देऊन झाले आहे. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.६ निघाले. बाकी बाळाचे डोके खाली आहे, रक्तदाब व साखर व्यवस्थित आहे.

चोपड्याचे रुग्णालय आम्हाला जवळ पडते, पण तिच्या तपासण्या जळगावला चालू आहेत आणि तापीचा पूल ओलांडून तिथे पोहोचायला आमच्या गावाहून दीड तास सहज लागतो. सासूबाईंची सगळी बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातची झाली. पहिलटकरणीला वेळ लागतोच, तेव्हा उगाच घाई करू नये आणि कळा मंद असतील तर गरम दुधातून एरंडेल द्यावे, असे त्या म्हणतात. त्यांचा शब्द मोडायला जड जाते, पण एरंडेल द्यायला माझे मन धजत नाही. घर नेमके केव्हा सोडावे, रक्ताची सोय आधी कशी करावी आणि सोबत काय न्यावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद :

वहिनी, मी अनेक वर्षे प्रसूती कक्षात परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते. अंतिम निर्णय अर्थातच तिच्या डॉक्टरांचा. माझ्या मते कळा सुरू होण्याची वाट न पाहता अडतिसाव्या आठवड्यापासूनच तिला जळगावात एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावे. ओ निगेटिव्ह रुग्णाला ओ निगेटिव्हच रक्त द्यावे लागते, हा गट आपल्याकडे मोजक्या लोकांत सापडतो, आणि मुळात हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. म्हणून जिथे रक्तपेढी हाताशी आहे तिथेच बाळंतपण व्हावे. रक्तपेढीत आत्ताच चौकशी करा आणि या गटाचे दोन-तीन रक्तदाते शोधून त्यांचे क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हिमोग्लोबिन किमान ११ असावे. एवढ्या दिवसांत ते केवळ गोळ्यांनी भरून निघेलच असे नाही, तेव्हा शिरेतून लोह देता येईल का, हे याच आठवड्यात विचारा. लोहाची गोळी चहासोबत मुळीच देऊ नका.

कळा दर पाच मिनिटांनी येऊन प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि तासभर तसेच चालले, तर निघावे, असा पहिलटकरणीसाठी सर्वसाधारण नियम आहे. पण तो दवाखाना जवळ असणाऱ्यांसाठी. ती गावीच असताना कळा लागल्या, तर नियमित होताच निघा. पाणी गेले, विशेषतः ते हिरवट असले, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर कळांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जे रुग्णालय सर्वांत जवळ असेल तिथे आधी न्या. एरंडेलाने जुलाब-उलट्या होतात आणि मेच्या उन्हात अंगातले पाणी आटते; डॉक्टरांनी मनाई केली आहे असे सासूबाईंना सांगा, म्हणजे तुमच्यावर वाईटपणा येणार नाही.

पिशवीत तपासणीची फाइल, सोनोग्राफीचे अहवाल, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार व बँकेचे पासबुक ठेवा. पुढून उघडणारे दोन सुती गाऊन आणि जुन्या लुगड्याची धुऊन उन्हात वाळवलेली दुपटी पुरेत. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझरसह बाळंतपण, औषधे, रक्त आणि ये-जा मोफत असते. त्यासाठी १०२ ची गाडी मिळते.

आणखी एक, जे गडबडीत हमखास राहून जाते : जन्मल्यावर बाळाचा रक्तगट तपासून तो पॉझिटिव्ह निघाल्यास आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी पुन्हा द्यावे लागते. ते इंजेक्शन रुग्णालयात आहे की बाहेरून आणावे लागेल, हे दाखल होतानाच विचारून घ्या.