‘गाऱ्हाणे’ : तक्रार की प्रार्थना?

प्रश्न : गवळणींत गोपी यशोदेकडे कान्ह्याची गाऱ्हाणी नेतात, म्हणजे तक्रारी. मग सिंधुदुर्गात देवळात, लग्नात, नव्या घरात ‘गाऱ्हाणं घालतात’ ते काय? आणि ते घालायला म्हातारं माणूसच का लागतं?

वेंगुर्ल्याहून : क्रियापदाकडे बघा. तक्रार असली की गाऱ्हाणे ‘मांडतात’, ‘सांगतात’. देवाला ‘घालतात’, साकडं घालतात तसं. मला दोन्ही अर्थ एकाच मुळावरचे वाटतात : ज्याच्या हातात आहे, त्याच्यापुढे आपली बाजू बोलून दाखवायची. देवापुढे मात्र एकजण सगळ्यांच्या वतीने बोलतो. नवसाशी गल्लत नको. नवसात फेडण्याचा शब्द दिलेला असतो.

मालवणहून : नारळ-विडा ठेवून आधी ग्रामदेवतेला हाक, मग बाकीची देवस्थानं, गावच्या मानाच्या क्रमाने. इथे एक नाव गळलं तरी लोकांना टोचतं. त्यानंतर कारण, कोणासाठी ते, चुकीची क्षमा आणि शेवटी मागणं. सांगाडा ठरलेला, मधलं मात्र समोरचा प्रसंग बघून तिथल्या तिथे जुळवावं लागतं, आणि खरी रचना तीच. नव्या घरासाठी साधारण असं; एकजण बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणजे ‘होय महाराजा’ म्हणतात :

‘बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरान आज नवा घर बांधल्यान, रे म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’
‘तेच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल, रे म्हाराजा!’
‘व्हय म्हाराजा!’

एका ‘व्हय’ला एकच गोष्ट. दोन कोंबल्या की दम मध्येच तुटतो, लोकांना वाटतं वाक्य संपलं, अर्धे आधी ओरडतात आणि अर्धे मागाहून. ‘रे म्हाराजा’चा हेल लांबवून खाली सोडायचा, तीच लोकांना खूण.

राजापूरहून : म्हातारंच माणूस हवं असा नियम नाही. बऱ्याच गावांत मान घराण्याचा असतो, म्हणून थोरला पुढे होतो. पण वय कामाला येतं हे खरं. दम कमी झाला की वाक्यं आपोआप आखूड होतात, आणि आखूड वाक्यच इथे शोभतं. मागणंही बदलतं. तरुण माणूस नोकरी, पैसा, यश अशी यादी वाचतो; पिकलेला माणूस ‘चुकला-माकला’पाशी जास्त रेंगाळतो, मग ‘सगळ्यांका सुखी ठेव’ म्हणून थांबतो. माझ्या मते श्रद्धा मुरल्याची खूण ती. नावं विसरायला लागली, तर जाणत्या तरुणाने शेजारी उभं राहून हळूच सुचवावं. त्यात कमीपणा नाही.

प्रश्नकर्ता : मग कागदावर लिहून वाचलं तर?

मालवणहून : नको. नजर कागदात अडकते, हेल सपाट होतो, आणि कुठे ‘व्हय’ म्हणायचं ते लोकांना कळत नाही. देवस्थानांचा क्रम तेवढा पाठ करा. बाकीचं ‘व्हय’ म्हणणाऱ्यांत उभं राहून कानात बसतं.