जॅममधला पतंगाचा गेम: लोक तिसऱ्या गच्चीवरच सोडून जातायत, चुकतंय कुठे?

गच्चीवरचा:
48 तासांच्या गेम जॅममध्ये (ठरलेल्या वेळात गेम बनवायची स्पर्धा) एकट्यानेच गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, केलाय. संक्रांतीचा दिवस, पतंग कटलाय आणि पोरगं गच्च्यांवरून उड्या मारत त्याच्या मागे पळतंय, आमच्या नागपूरकडे लहानपणी हेच चालायचं. एकूण 14 गच्च्या. उडी मुद्दाम कमी ठेवलीय, वाऱ्याचा झोत आला की लांब जाते, म्हणजे वाट बघायची आणि मग मारायची, सगळी गंमत त्यातच आहे. पडलास की परत पहिल्या गच्चीवर. कमेंटमध्ये मात्र सगळे "कंट्रोल खराब", "फारच अवघड" एवढंच लिहितायत. अवघड मी मुद्दामच केलाय, पण खराब??

अर्धवट_कोडर:
खेळलो. अवघड वगैरे नाहीये रे, तुझा गेम उडी खातो. कडेला येऊन बटण दाबलं की पोरगं सरळ खाली. तू नुसतं इज-ऑन-फ्लोअर (पोरगं जमिनीवर आहे का, हे सांगणारं फंक्शन) बघत असणार, पाय सुटला की ते लगेच फॉल्स, म्हणजे 'नाही', होतं. कोयोटी टाइम टाक, कड सुटल्यावरही 0.1 सेकंद उडी चालू दे, गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालत असेल तर 6 फ्रेम होतात. आणि जंप बफरपण, जमिनीला टेकायच्या जरा आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवायचं. कोणाला कळतसुद्धा नाही की गेम मदत करतोय.

पिक्सेलपोहे:
वर म्हटलंय ते बरोबर, पण माझं भांडण वाऱ्याशी आहे. झोत कधी येणार ते कळायचं कसं? मला तर लॉटरीच वाटली.
आणि ते परत पहिल्या गच्चीवर पाठवणं काढच बाबा. सेलेस्ट या प्लॅटफॉर्मर गेमची पहिली आवृत्ती 2015 मध्ये पिको-8 वर (छोटे रेट्रो गेम बनवायचं सॉफ्टवेअर) 4 दिवसांत केलेली, तीही अवघडच आहे, पण मेलास तर त्याच खोलीच्या सुरुवातीला येतोस, त्यामुळे राग येत नाही.

गच्चीवरचा:
अरे झोताच्या आधी दोरीवरचे कपडे हलतात की! अर्धा सेकंद आधी. शनिवारची अख्खी रात्र त्या साडीच्या ॲनिमेशनवर घालवलीय मी.

पिक्सेलपोहे:
कुठली साडी 😅 आत्ता परत उघडून बघितलं. मागचं आभाळ केशरी, साडी केशरी, वर ती पार कोपऱ्यात. मला ते डेकोरेशन वाटलं होतं.

रात्रपाळी:
आवाजाचं कोणीच बोललं नाही म्हणून, ब्राउझरमध्ये पहिलं क्लिक किंवा कीबोर्डचं बटण दाबेपर्यंत आवाज सहसा चालू होत नाही, तुझा गेम थेट सुरू होतो आणि कीबोर्डला हात लावेपर्यंत सगळं मुकं असतं. आधी एक "खेळा" बटण दे. आणि वोटिंग चालू असताना अपडेट चालतं का ते नियमात बघ आधी, बऱ्याच जॅममध्ये फक्त बग सुधारता येतात.

गच्चीवरचा:
नियम बघितले, बग चालतात, नवीन काही नाही. कोयोटी टाकला, पण उडी मारल्यावर टायमर शून्य करायला विसरलो तर पोरगं हवेतच दुसरी उडी मारायला लागलं, तेही निस्तरलं. साडी हिरवी केली आणि पोराच्या जवळच्या दोरीवर आणली. रात्री धाकट्या बहिणीला बसवलं आणि तोंड बंद ठेवून बघत बसलो, तिसऱ्या गच्चीवर ती थांबली, साडी हलली, "आत्ता!" म्हणत उडी मारली. नवव्या गच्चीवर पडली आणि पहिल्या गच्चीवर आल्यावर माझ्याकडे असं बघितलं ना... पण चेकपॉइंट (पडल्यावर मधूनच परत सुरू व्हायची जागा) टाकला तर ते नवीन फीचर धरतील का बग सुधारणं?

अर्धवट_कोडर:
बहिणीला विचार 😄