परसातला पाला, घरचं हिरवं पेय : तुमचे अनुभव सांगा

सकाळी ग्लासभर हिरवं पेय घेणारी माणसं आता आपल्या खेड्यांतही भेटू लागली आहेत. पण मोबाईलवर कृती शोधावी तर केल, सेलरी, ॲव्होकॅडो. आर्वीच्या बाजारात मी यातलं काही पाहिलेलं नाही, आणि मिळालं तरी घ्यायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, हिवाळ्यात आवळा आणि संत्रं, एवढं हाताशी असताना पावडरीचे महागडे डबे कशाला आणायचे? मात्र कोणता पाला कच्चा चालतो, कुठून तोडलेला चालतो आणि कोणाच्या तब्येतीला चालतो, हे कळल्याशिवाय मिक्सर लावू नये. म्हणून हा धागा. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या सगळ्यांनी आपापलं लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

माझी पद्धत आधी सांगते. दोघांसाठी पालकाची दोन मुठी पानं, मूठभर सांबार कोवळ्या काड्यांसकट, पुदिन्याची आठदहा पानं, बोटाच्या पेराएवढं अद्रक, अर्धी काकडी. भांड्यात आधी फक्त पाला, अद्रक आणि अर्धी वाटी माठातलं पाणी घालायचं आणि थांबून थांबून फिरवायचं. सगळं पाणी एकदम ओतलं की पानं वर तरंगतात, पातं खाली नुसतं पाणी घुसळतं आणि पिताना दाताखाली धागे येतात. पाला गंधासारखा बारीक झाला की मग काकडी, उरलेलं पाणी आणि चिमूटभर सैंधव. लिंबू अगदी शेवटी, ग्लासात. आधीच पिळून ठेवलं तर आंबटपणामुळे हिरवा रंग मळतो. मी गाळत नाही, कारण पोट साफ राहतं ते त्या चोथ्यामुळेच. साखर नाही, गूळही नाही. वरून एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड. पाल्यातल्या ज्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते थोड्या स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाही, आणि जवस तर आपल्या घरात असतोच.

आता तुम्ही लिहा.

वरुड तालुका, संत्र्याची बाग

ताई, आमच्याकडे लिंबाऐवजी संत्रं. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चात उतरतात, तेव्हा पालकही असतो. व्यापारी वेगळी काढतो ती लहान फळं आम्ही घरी ठेवतो. साल आणि बिया काढायच्या. बी मिक्सरमध्ये गेली की सगळं कडू होतं.

माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा आशाताईंनी एक गोष्ट समजावून सांगितली होती. पाल्यातलं लोह मटणातल्या लोहासारखं सहज शोषलं जात नाही, त्याला सोबत क जीवनसत्त्व लागतं. म्हणून संत्रं, लिंबू किंवा आवळा. आणि त्यावर लगेच चहा प्यायला तर मिळालेलं बरंचसं वाया. आमच्या घरात उठल्याउठल्या चहा होता, तो आता तासभर पुढे ढकलला आहे. गोळ्या चालूच होत्या, त्या बंद केल्या नाहीत. नुसत्या पेयावर रक्त वाढवायला बसू नका.

भंडारा जिल्हा, लाखनीकडून

दुधीबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे बरेच जण लौकीचा रस घेतात. आमच्या घरचा नियम असा की लौकी चिरली की दोन्ही टोकांची आणि मधली अशी फोड कच्ची चाखायची. जराही कडू लागली तर पूर्ण फळ उकिरड्यावर. गाईलाही नाही. मागच्या हंगामात मांडवावरच्या एका वेलाची सगळीच फळं कडू निघाली. आईने वेलच उपटला.

ही उगाच भीती नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिचा सल्ला सरळ होता : कडू रस पिऊ नका, दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात कळ असं काही झालं तर ताबडतोब दवाखाना गाठा. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. कारल्याचा रस मिसळला की दुधीचा कडूपणा लपतो, धोका तिथेच आहे. "कडू तेवढं गुणकारी" असं म्हणत आमच्याकडची मोठी माणसं डोळे मिटून पितात. त्यांना हे हात धरून सांगावं लागतं.

यवतमाळ जिल्हा, कळंब तालुका

मला सगळ्यात जास्त काळजी पाला कुठून येतो याची. आम्ही मजुरीला जातो. पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर, पावसाळ्यात चवळाई, घोळ, पाथरी भरपूर उगवते, आणि परतताना बाया ओटीत घेऊन येतात. शिजवून खाणं वेगळं, कच्चं वाटून पिणं वेगळं, असं आधी वाटायचं. पण फवारणीच्या वावरातला पाला दोन्ही तऱ्हेने नकोच. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते दिवस आम्ही जवळून पाहिले. काही औषधं झाडाच्या अंगात भिनतात. मिठाच्या पाण्यात ठेवा, हळदीच्या पाण्यात ठेवा, पानाच्या आत गेलेलं धुऊन निघत नाही.

आमच्या बचत गटातल्या बायांनी म्हणून परसबाग लावली. न्हाणीचं पाणी जातं तिथे नाही, वेगळ्या वाफ्यात. पालक, मेथी, सांबार, कडेला एक मुनगा. कच्चा पाला घ्यायचा तर फक्त त्यातला. मुळाशी धरून मातीसकट उपटायचा नाही, वरून खुडायचा. मग तीन पाण्यांनी धुवायचा, आणि शेवटचं पाणी पिण्याचं. हे शेवटचं बरेच जण विसरतात. विहिरीच्या गढूळ पाण्यात धुतलेला पाला कच्चा प्यायचा म्हणजे जंत आणि जुलाब घरात आणणं.

अकोट तालुका, वय ७१

पाला काऊन प्याचा बाप्पा? आमी तं खातो. पालकाची दायभाजी, वरून लसनाची फोडनी, संग जवारीची भाकर. आमची सून सकाऊन मिक्सर लावते, मी तिले म्हनलं, बाई, दोन्ही टाइमच्या जेवनात पाला असला तं गिलासाची गरज काय? चावून खाल्लं का पोट भरते, दातही मजबूत रायतात. ज्याले जेवन जात नाई त्यानं प्यावं. बाकीच्यानं भाजी करावी, हे माहं मत.

वरच्या बाबांना, नागपूर जिल्हा, भिवापूरकडून

बाबा, तुमचं पटलं. आमच्या घरात मात्र "ज्याला जेवण जात नाही" असा माणूस आहे, म्हणून लिहिते.

माझ्या भावाचं तोंड खर्ऱ्यामुळे, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून खाण्यामुळे, आखडलं आहे. दोन बोटं कशीबशी जातात एवढंच उघडतं. गालाची आतली कातडी कडक होते, पांढरी पडते, तिखटाचा कणही सोसत नाही. त्याला भाकर कुस्करूनही जात नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम, औषध आणि पातळ पण कसदार आहार सांगितला. तेव्हापासून पाला त्याच्या पोटात जातो तो असाच : पालक किंवा मुनग्याची कोवळी पानं वाफवून, सोबत शिजलेली मुगाची डाळ, थोडं तूप, अगदी थोडं मीठ. अद्रक नाही, मिरची नाही, लिंबू नाही. कोमट करून वाटीने देते. ग्लास त्याच्या ओठांना नीट लागत नाही, वाटीची कड लागते.

मुनग्याच्या पानांचं देठ जाड असतं. डहाळी उलटी धरून वरून खाली बोटं ओढली की पानं झरझर गळतात. तेवढीच घ्यावीत, काड्या वाटल्या जात नाहीत. भावाने खर्रा सोडला आहे, हे इथे लिहिताना मला बरं वाटतंय. गावातल्या पोरांनी वेळेत सोडावा.

मूर्तिजापूर तालुका

आम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागातले. वडिलांच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत, डायलिसिस चालू आहे. एका पाहुण्याने मोठ्या प्रेमाने हिरव्या रसाची बाटली आणली, "यानं किडनी धुतली जाते" म्हणून. आम्ही हात जोडून नको म्हटलं. पालेभाज्यांत पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही, आणि रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदय बंद पडू शकतं. वडिलांची भाजीसुद्धा भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, मगच होते. वाटून प्यायलेल्या ग्लासात तर सगळंच्या सगळं पोटात जातं. ज्यांच्या घरी किडनीचा रुग्ण आहे त्यांनी कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही देऊ नका.

खामगावकडून

मूर्तिजापूरच्या दादांच्या लिहिण्याला जोडून, मुतखड्याचं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पालकात ऑक्झलेट खूप. मला एकदा खडा होऊन गेला आहे, म्हणून मी कच्चा पालक पीत नाही. पालक उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवायचा, पाणी ओतून टाकायचं, गार झाला की ताज्या ताकात फिरवायचा. जिरं, सांबार, थोडं मीठ. उकळल्याने काही ऑक्झलेट पाण्यात उतरतं, आणि ताकातलं कॅल्शियम उरलेल्यातलं बरंचसं पोटातच बांधून ठेवतं. खडा तपासून घेतला नसेल तर आधी तपासा. आणि पाणी भरपूर प्या, आमच्या उन्हाळ्यात तर पेयापेक्षा त्याचं महत्त्व जास्त.

धागाकर्ती

म्हणजे ज्याला लोह हवं त्याने संत्रं-लिंबू, ज्याला खड्याचा त्रास त्याने उकळून ताकात. कॅल्शियम लोहाला थोडं अडवतं, म्हणून दोघांना एकच ग्लास नाही. हे माझ्याही घरी उपयोगी पडेल, सासूबाईंना खडा होऊन गेला आहे.

हिंगणघाट

छोटंसं. हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी असते. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व तिचा परिणाम कमी करतं. अशा माणसाने अचानक रोजचा ग्लास सुरू करू नये आणि अचानक बंदही करू नये. पाला रोज साधारण तेवढाच, आणि बदल करायचा तर डॉक्टरांना सांगून, रक्त तपासून.

ब्रह्मपुरीकडून

माझ्या मुलाला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे लिहिणं गरजेचं वाटलं. चेहरा फिका दिसला की शेजारीपाजारी म्हणतात, रक्त कमी आहे, लोहाचं काहीतरी पाज. पण सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी पडतं, दर वेळी लोह कमी असतं असं नाही. ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात ते साठूनही राहतं. म्हणून लोहाची गोळी किंवा टॉनिक तपासल्याशिवाय नाही. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची गोळी दिली आहे आणि पाणी भरपूर पाजायला सांगितलं आहे.

मी त्याला दुपारी शाळेतून आल्यावर देते. जास्त काकडी, थोडा पुदिना, पालकाची चारपाच पानं, भरपूर पाणी. माठातलं देते, बर्फाचं नाही. थंडी वाजली की त्याचे सांधे दुखायला लागतात. त्याला हा रंग आवडतो. ग्लास उजेडाकडे धरून पितो.

धारणीकडून

आमच्याकडे सकाळची लाईट कधी असते, कधी नसते. मिक्सरवर बसून राहिलं तर काहीच होणार नाही. मी पाट्यावर करते. सांबार, पुदिना, पालक, अद्रक, जिरं आणि मिठाचे खडे एकत्र. मिठामुळे पाला लवकर पाणी सोडतो आणि वरवंट्याखाली घसरत नाही. वरवंटा दाबून पुढे न्यायचा, हलकाच मागे आणायचा. चटणीइतकं झालं की गंजात म्हणजे पातेल्यात ताक घेऊन त्यात कालवायचं. मिक्सरपेक्षा जाडसर राहतं, पण पातं तापत नाही म्हणून वास हिरवागार राहतो. नवतप्यात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वावरातून आल्यावर यासारखं काही नाही. एक सांभाळा : ताक किंवा लिंबू घातलेलं तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका, कळकतं. स्टील किंवा मातीचं भांडं घ्या. आणि केलं की प्या, संध्याकाळसाठी झाकून ठेवू नका.

धागाकर्ती

एक विचारते. तरोटा, कुंजर, केना या रानभाज्या किंवा धोपा म्हणजे अळू, यातलं काही कोणी कच्चं वाटून घेतं का? मी घेत नाही, पण दोन बहिणींनी मला निरोपात विचारलं आहे.

गोंदिया जिल्हा, देवरीकडून

नाही बाई, मुळीच नको. धोप्याची पानं कच्ची घशाला लागली तर खाज आणि सूज येते. शिजवतानासुद्धा आम्ही चिंच घालतो. तरोटा पहिल्या पावसानंतरचा, कोवळाच, आणि तोही उकडून पिळून. रानातला पाला ओळखण्यात जाणत्या बाईचीही गफलत होऊ शकते. भाजी निवडताना परातीत पान पान वेगळं होतं, तेव्हा नजरेला पडतं. घाईने मूठभर मिक्सरमध्ये गेलं की गेलं. आमच्या घरी रानभाजी चुलीवर, आणि ग्लासात फक्त वाफ्यातली.