'वेड्यात काढणं' की 'वेडी ठरवणं'?

मी पुण्यात बसून मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिते. सध्या हाती असलेल्या थरारमालिकेतला नवरा बायकोवर एकदाही हात उचलत नाही. तिचा मोबाईल तपासतो, माहेरचे फोन बंद करवतो, पगार आपल्या खात्यात वळवतो. आणि काल स्वतः बोललेलं आज नाकारतो: "मी असं म्हणालोच नाही, तुला भास होतात." याला गॅसलायटिंग म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' नाटकावरून तो शब्द आला. त्यातला नवरा चोरून वरच्या मजल्यावर गॅसचा दिवा लावतो, की खालचा मंद होतो, आणि बायकोला वाटतं आपलंच डोकं फिरलंय. मराठीत काय लिहू? 'मानसिक छळ' लिहून पाहिलं. त्यात दुःख येतं, रीत येत नाही.

प्रतिसाद : 'बुद्धिभेद' घ्या. गीतेतल्या 'न बुद्धिभेदं जनयेत्'मुळे कानाला ओळखीचा आहे.

प्रतिसाद : बुद्धिभेद अग्रलेखात शोभतो, स्वयंपाकघरात कोण म्हणेल? सरळ 'वेड्यात काढणं' लिहा.

मी : त्यावर दोन दिवस विचार केला. "मला वेड्यात काढू नकोस" म्हणणारी बाई शाबूत असते, समोरचा काय करतोय ते तिला कळलेलं असतं. या मालिकेतलीला तेच तर कळत नाही, ती स्वतःवरच संशय घेऊ लागलीय. म्हणून 'वेडी ठरवणं' जवळचं वाटतं. त्यात ठरवणारा दिसतो.

प्रतिसाद : आणि बाकीच्या गोष्टींना? फोन, पगार? कह्यात ठेवणं, मुठीत ठेवणं, धाक, वचक असे पुष्कळ शब्द आहेत.

मी : धाक आणि वचक आपल्याकडे कौतुकानेही म्हणतात, "घरात वचक आहे हो त्यांचा!" म्हणून नको वाटतात. माझी आई हे भाग माझ्याबरोबर बघते. तिसऱ्या भागात ती म्हणाली, "काच आहे गं तिला." दोरी काचते तसा काच. जखम लगेच दिसत नाही, पण दोरी हलली की कातडी सोलवटते. मला हाच शब्द हवा होता. 'जाच'ही चालला असता, पण तो ऐकला की सासूच डोळ्यांसमोर येते.

प्रतिसाद : एक भर घालतो. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो, त्यामुळे पगार काढून घेणं ही नुसती घरातली बाब उरत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये तर जवळच्या नात्यात असं सतत दबावाखाली ठेवणं २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरलं.

मी : हे माहीत नव्हतं, आभार. आईचं दुसरं वाक्यही सांगते. पहिल्या भागात, तो ऑफिसच्या दाराशी रोज घ्यायला येतो तेव्हा तीच म्हणाली होती, "किती जपतो बायकोला!" म्हणून नवऱ्याच्या तोंडी मी मुद्दाम 'जपतो' ठेवलंय, सहाही भागांत तोच शब्द. बायकोच्या तोंडी शेवटी 'तू मला वेडी ठरवलंस'. आता मैत्रिणीचं एक वाक्य अडलंय, ती घराकडे बघून म्हणते की हा तुरुंगच आहे. तिथे 'नजरकैद' बसेल का?