छाती दाबल्याने हृदयाच्या पेशी फाटतात म्हणे!

सातरस्ता_सिस्टर : "बंद पडलेल्या हृदयाच्या पेशी नाजूक असतात, छाती दाबली की फाटतात, १०८ येईपर्यंत हात लावू नका." ही पोस्ट अर्ध्या सोलापुरात फिरतेय. संताप येतो. रक्त थांबलं की पेशीतली ऊर्जा काही मिनिटांत संपत जाते. पेशी मरतात त्या उपासमारीने! छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंमी दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त जातं ते मुख्यतः ती वर येताना, म्हणून रेलून राहायचं नाही. १९६० साली अमेरिकेतले संशोधक कोवेनहोवन आणि सहकाऱ्यांनी छाती दाबायची ही पद्धत मांडली, आणि आपण अजून घाबरतोय.

मागवाला_अक्कलकोटरोड : मग पेशींना दाब कळत नाही का? शास्त्रज्ञ पाटापूटियनना २०२१ चं नोबेल कशाला मिळालं? पिएझो चॅनेल, म्हणजे पेशीच्या भिंतीतली दारं! ताण बसला की दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं. छातीवर चेंडू बसून धडधाकट पोरं गेलीत.

सातरस्ता_सिस्टर : ते धडधडतं हृदय असतं, मालक. ठोक्यानंतर ते सावरत असताना, नेमक्या त्या काही मिलिसेकंदांत फटका बसला तर लय बिघडते. इथे ठोकाच उरलेला नाही, बिघडणार काय?

कडक_भाकरी : पेशी राहू द्या ओ. आमच्या गल्लीत एकाने शेजारच्या काकांची छाती दाबली. काका वाचले, पण बरगड्या मोडल्या. घरचे त्याच्याच अंगावर धावले, "केस करतो" म्हणाले. आता तो पोरगा कुणाला हात लावेल?

मागवाला_अक्कलकोटरोड : कायदा आहे की, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ.

कडक_भाकरी : नीट वाचा! ते मोटार वाहन कायद्यातलं, २०१९ च्या दुरुस्तीतलं. रस्त्यावर गाडीने उडवलेल्यासाठी. मागाच्या शेडमध्ये कामगार कोसळला तर?

मागवाला_अक्कलकोटरोड : शेडचं मला शिकवू नका. उन्हाळ्यात आमच्याकडे एक जण पडला. घरघर चालू होती, श्वास आहे समजून सगळे पाणी मारत बसले. तो गेला.

सातरस्ता_सिस्टर : ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. तेव्हाच दाबायला हवं होतं.

मागवाला_अक्कलकोटरोड : बरं, दाबायला हवं, मानलं. पण ताणाचा परिणाम शून्य म्हणू नका.

सातरस्ता_सिस्टर : शून्य कुठे म्हटलं? विजेच्या शॉकनंतर ठोक्यांची लय परतली आणि दाबणं चालूच राहिलं, तर ती पुन्हा बिघडू शकते. तरी न दाबण्यापेक्षा ते शंभरदा बरं.

कडक_भाकरी : आणि केसचं? त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.